मोजलेली रहदारी आणि रेखलेला रस्ता

रहदारी मोजणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पेशवाईतील जकातनाक्यावर बसलेला कारकून येणाऱ्याजाणाऱ्या मालाची नोंद करीतच असे. परंतु त्या नोंदीचे प्रयोजन जकात हे होते, रस्ता हे नव्हते. लादलेला बैल कोणत्या वाटेने नाक्यापर्यंत आला आणि पुढे कोणत्या वाटेने गेला, याची पंचाईत त्या कारकुनास करावी लागत नसे. रस्त्यासाठी म्हणून रहदारी मोजावी, आणि मोजलेला आकडा नकाशावरील नेमक्या रेघेवर नेऊन बसवावा, ही कल्पना मात्र अलीकडची, म्हणजे सुमारे पावणेदोनशे-दोनशे वर्षांतील आहे. तिचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

विषय रूक्ष आहे, असे कोणी म्हणेल. आकडे आणि रेघा यांत सामान्य माणसाने का डोके घालावे? परंतु कोणता रस्ता रुंद व्हावा, पूल कोठे पडावा, कोणाच्या घराची भिंत मागे सरावी आणि कोणत्या गावाला वळसा घालून हमरस्ता पुढे जावा, हे निर्णय शेवटी एखाद्या रेघेवर लिहिलेल्या आकड्याच्या आधारे घेतले जातात. तो आकडा चुकीच्या रेघेवर पडला, तर मोजणाऱ्याचे काही जात नाही. जाते ते त्या रेघेकाठी राहणाऱ्याचे. म्हणून हा प्रश्न निव्वळ इंजिनियरांचा नाही, नागरिकांचाही आहे.

या इतिहासाचे दोन प्रवाह आहेत. एक मोजदादीचा, दुसरा नकाशाचा. प्रथम मोजदादीचा पाहू.

१८३६ साली आयर्लंडमध्ये रेल्वेचे मार्ग कोठून न्यावेत याचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला गेला. त्या आयोगासाठी हेन्री ड्र्युरी हार्नेस या लष्करी इंजिनियराने १८३७ साली नकाशे तयार केले. त्यांत रहदारी जेवढी अधिक, तेवढा गावागावांना जोडणारा पट्टा रुंद दाखवला होता. आज ही युक्ती शाळेतील मुलासही कळेल. पण त्या वेळी ती अगदी नवी होती. नवी असूनही ती विस्मृतीत गेली. पुढे १९५५ साली आर्थर रॉबिन्सन या अमेरिकन भूगोलज्ञाने या नकाशांवर लेख लिहिला, तेव्हा ते जगापुढे पुन्हा आले. दरम्यान फ्रान्समध्ये शार्ल जोझेफ मिनार या इंजिनियराने १८४५ साली हीच गोष्ट स्वतंत्रपणे केली. दिजों आणि म्युलूझ या शहरांमधील रेल्वे कोणत्या मार्गाने न्यावी हा वाद तेव्हा चालू होता. मिनारने त्या टापूतील सडकांवरून जाणाऱ्या प्रवाशांची संख्या पट्ट्यांच्या रुंदीने दाखवली. आकडा सडकेवर बसला, आणि पाहणाऱ्यास तोंडी युक्तिवाद ऐकण्याची गरज उरली नाही.

त्याच सुमारास, १८४४-४५ साली, फ्रान्सच्या सरकारने आपल्या प्रमुख सडकांवरील रहदारीची देशव्यापी मोजणी प्रथम केली. मोजणीचे परिमाण काय होते, हे जाणण्यासारखे आहे. गाड्या मोजल्या नाहीत, माणसेही मोजली नाहीत. जुंपलेली जनावरे मोजली. जनावराच्या गळ्यातील जोताच्या पट्ट्यास फ्रेंच भाषेत ‘कोलिए’ म्हणतात. दिवसाला अमुक इतके ‘कोलिए’ अशी सडकेची रहदारी सांगितली जाई. यात शहाणपण होते. सडक झिजते ती गाडीच्या नावाने नव्हे, ओझ्याने. आणि ओझ्याचा अंदाज ते ओढणाऱ्या जनावरांवरून येतो. काय मोजावे हे कशासाठी मोजावयाचे यावरून ठरते, हा धडा या शास्त्राच्या पहिल्याच पानावर आहे.

आता दुसरा प्रवाह. १७३५ साली लेओन्हार्ट ऑयलर या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेपुढे एक कोडे सोडवून दाखवले. केनिग्सबर्ग शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळ्या पुलांवरून फेरी मारता येईल काय, असा तो प्रश्न. ऑयलरने उत्तर दिले की, येणार नाही. परंतु उत्तरापेक्षा त्याची रीत महत्त्वाची ठरली. शहराचे मोहल्ले, घरे, वळणे, अंतरे ही सारी त्याने बाजूला सारली. जमिनीच्या तुकड्याचा एक बिंदू केला आणि पुलाचा एक दुवा केला. कोण कोणाशी जोडलेले आहे, एवढेच उरले. रस्त्यांच्या जाळ्याची आजची प्रत्येक प्रतिकृती या रीतीची लेक आहे: चौक म्हणजे गाठ, आणि दोन चौकांमधील रस्ता म्हणजे दुवा.

येथेच अडचणीचे मूळ आहे. मोजणी होते ती प्रत्यक्ष जागेवर: अमुक पिंपळाखाली, अमुक दुकानासमोर, रस्त्याच्या अमुक बाजूला खुर्ची टाकून. प्रतिकृतीत तर पिंपळ नाही, दुकान नाही, कधी कधी तो रस्ताही नाही. तिच्यात आहेत केवळ गाठी आणि दुवे. जागेवर मोजलेला आकडा जागा गाळून टाकलेल्या जाळ्यात कोणत्या दुव्यावर लिहावयाचा, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते अमेरिकेत. मोटारींच्या त्या देशात १९३४ च्या एका कायद्याने रस्त्यांसाठीच्या सरकारी पैशाचा अल्पसा भाग पाहणीसाठी खर्चण्याची मुभा राज्यांना दिली, आणि सडकांवर मोजणीची केंद्रे उभी राहिली. माणसांच्या जोडीला यंत्रेही आली. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकावयाची. चाक तिच्यावरून गेले की नळीतील हवा दाबली जाते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. परंतु नळीला गाडी दिसत नाही, आस दिसतो. मोटारीचे दोन आस, म्हणून एकूण आकड्याला दोनाने भागावयाचे. तीन आसांची मालगाडी गेली की तिची दीड गाडी होते. म्हणजे रस्त्यावर मालगाड्या किती हे ठाऊक असल्याशिवाय यंत्राचा आकडाही खरा ठरत नाही.

१९४४ पासून अमेरिकन शहरांत आणखी एक पद्धत सुरू झाली. निवडक घरी जाऊन विचारावयाचे: काल तुमच्या घरातील कोण कोठून कोठे गेले, कशासाठी गेले, कोणत्या वाहनाने गेले? या उत्तरांवरून सगळ्या शहराची ये-जा काढावयाची. परंतु माणूस विसरतो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत मारलेली फेरी कोणाला आठवते? म्हणून ताळा पाहण्यासाठी एक साधी, सुंदर युक्ती योजण्यात आली. शहराच्या मधून जाणारी नदी किंवा रेल्वेमार्ग घ्यावयाचा. त्याला ओलांडणाऱ्या प्रत्येक पुलावर मोजणी करावयाची. आणि घरोघरच्या उत्तरांप्रमाणे जितक्या फेऱ्यांनी नदी ओलांडावयास हवी, तितक्या खरोखर ओलांडल्या काय, ते पाहावयाचे. उत्तरांतील फेऱ्या बहुधा कमी भरत. मग त्या प्रमाणात वाढवून घेत. या युक्तीची खुबी ही की, कोणता आकडा कोणत्या पुलाचा, या बारकाव्यात शिरावे लागत नाही. सगळ्या पुलांची बेरीज एका बाजूला, सगळ्या फेऱ्यांची बेरीज दुसऱ्या बाजूला.

शिकागो शहराच्या पाहणीत हा बारकावा टाळता येईना. १९५५ च्या सुमारास सुरू झालेल्या या पाहणीचे प्रमुख जे. डग्लस कॅरल होते. त्याआधी डेट्रॉइटची पाहणीही त्यांनीच केली होती. शिकागोचा अहवाल १९५९ ते १९६२ या काळात तीन खंडांत निघाला. तेथे प्रथमच एवढ्या मोठ्या शहराच्या मुख्य रस्त्यांचे जाळे गाठी आणि दुवे यांच्या रूपाने संगणकास दिले गेले. कोणत्या घरच्या फेरीने कोणता रस्ता धरला असेल, हे ठरविण्यासाठी बेल प्रयोगशाळेतील एडवर्ड मूर यांची, जाळ्यातील सर्वांत जवळची वाट शोधण्याची १९५७ सालची रीत वापरली गेली. ती रीत मुळात रस्त्यांसाठी नव्हतीच; चक्रव्यूहातून बाहेर पडण्याच्या प्रश्नातून ती निघाली होती.

परंतु चक्रव्यूहात एकटा माणूस असतो, रस्त्यावर गर्दी असते. सगळ्यांनी जवळची वाट धरली की ती जवळची राहत नाही. इंग्लंडमधील जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ साली याचा नियम सांगितला होता: लोक वाटा बदलत बदलत अशा स्थितीला येतात की, वापरात असलेल्या सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागतो आणि न वापरलेल्या वाटेने जाऊन कोणाचा वेळ वाचत नाही. पुढे १९६८ साली डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने याच नियमातून एक चमत्कारिक निष्कर्ष काढला. काही जाळ्यांत नवा रस्ता जोडला, तर प्रत्येकाचा प्रवास लवकर होण्याऐवजी उशिरा होतो! रस्ता वाढवला की सोय वाढलीच, असे समजणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता संगणकाने काढलेला आकडा आणि रस्त्यावर मोजलेला आकडा समोरासमोर आले. ते जुळावेत कसे? प्रतिकृतीत फक्त मुख्य रस्ते घेतलेले असतात; गल्लीबोळांतील रहदारीही त्यांच्याच माथी बसते. एका विभागातील हजारो घरांच्या फेऱ्या एका मध्यबिंदूपासून सुरू झाल्या असे मानतात, आणि तो बिंदू ज्या कल्पित दुव्याने रस्त्यास जोडला, तेथे रहदारीचा लोंढा उसळलेला दिसतो. मोजणी त्या जोडणीच्या अलीकडे झाली की पलीकडे, यावर जुळणी अवलंबून असते. म्हणून आकडा जुळत नाही तेव्हा तीन शक्यता असतात: मोजणी चुकली असेल, प्रतिकृती चुकली असेल, किंवा दोन्ही बरोबर असून आकडा भलत्याच दुव्यावर लिहिला गेला असेल. तिसरी शक्यता सर्वांत क्षुल्लक वाटते. पण तिच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते, म्हणून तीच अधिक घातक आहे.

नकाशा निर्दोष कसा ठेवावा, यावर एक चांगला उपाय अमेरिकेच्या शिरगणती खात्यातून आला. १९६७ साली न्यू हेवन या शहरात त्या खात्याने रस्त्यांची नोंद नव्या रीतीने केली. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याची दोन टोके कोणती, आणि त्याच्या डाव्या व उजव्या अंगास घरांचा कोणता गट आहे, या चारही गोष्टी लिहावयाच्या. टोकांवरून जाळे जुळवता येते. गटांवरूनही ते स्वतंत्रपणे जुळवता येते. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर नोंदीत चूक आहे हे घरबसल्या समजते. जमाखर्चाच्या दुहेरी नोंदीत जे तत्त्व आहे, तेच हे. आमच्या जुन्या पेढ्यांवरील मुनिमास ते समजावून सांगावे लागले नसते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमण्यात आली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. रस्त्यांच्या इतिहासातील त्यांचे स्थान मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. १९२८ च्या त्यांच्या अहवालातून पेट्रोलवरील कराचा मध्यवर्ती रस्ते निधी १९२९ साली निघाला, आणि इंजिनियरांची ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ १९३४ साली स्थापन झाली. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरास मुख्य इंजिनियरांची परिषद भरून वीस वर्षांचा आराखडा तयार झाला. त्या नागपूर आराखड्यात किती मैल रस्ते हवेत हे ठरवावयास शेतीखालील क्षेत्र, इतर क्षेत्र, लहानमोठ्या गावांची संख्या आणि असलेल्या रेल्वेची लांबी घेतली होती. रहदारीचा आकडा त्या सूत्रात नव्हता. हा दोष नव्हे. जेथे रस्ताच नाही, तेथे रहदारी मोजावी कशी? न मोजता येणाऱ्या गरजेचा विचार त्या आराखड्याने केला, हे आम्हांस त्याचे मोठेपण वाटते.

रस्ते झाल्यावर मोजणी आलीच, आणि आपल्या रस्त्यांवर ती करणे सोपे नव्हते. एकाच सडकेवर मोटार, मालमोटार, सायकल, हातगाडी, टांगा आणि बैलगाडी. यांची बेरीज कशी करावी? रोड्स काँग्रेसने प्रत्येक वाहनास मोटारीच्या तुलनेत किंमत ठरवून दिली. खेड्यापाड्यांतील रस्त्यांसाठी १९९० साली दिलेल्या मूल्यांत मोटार १, सायकल अर्धी, मालमोटार किंवा बस ३, हातगाडी ३, टांगा ४, आणि बैलगाडी ८ अशी मांडणी आहे. फ्रेंचांनी जनावर हे माप धरून गाडी मोजली. आपण मोटार हे माप धरून जनावर मोजले. बैलगाडी आठ मोटारींइतकी ठरली ती तिच्या ओझ्यामुळे नव्हे, तिच्या संथपणामुळे. म्हणजे या आकड्यात बैलगाडीची सेवा मोजलेली नाही. तिच्यामुळे मोटारीला होणारा अडथळा मोजलेला आहे. आकड्याच्या पोटात मूल्यनिर्णय कसा दडलेला असतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आपल्याकडे मोजणीची जागा रस्त्याचा क्रमांक आणि दगडाचा आकडा यांनी ओळखतात. पण दशमान पद्धतीच्या १९५६ च्या कायद्यानंतर मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. घाटातील वळण सरळ केले किंवा गावाबाहेरून नवा फाटा काढला की पुढच्या सगळ्या दगडांची जागा सरकते. त्यातच २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक मुळापासून बदलले. मुंबई-गोव्याचा १७ क्रमांकाचा रस्ता ६६ झाला. पुण्याहून सोलापूर-हैदराबादेस जाणारा ९ क्रमांकाचा ६५ झाला. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा जुना ८ आणि पुण्याकडे जाणारा जुना ४ हे दोन्ही आता ४८ या एकाच क्रमांकात आले. जुन्या नोंदवहीतील ‘रस्ता ४, अमुक दगड’ हा आकडा आजच्या नकाशावर बसवावयाचा, तर आधी त्या दगडाची वंशावळ काढावी लागते. ती न काढता तीस वर्षांतील वाढीचे आलेख काढले, तर वाढ रहदारीची की दगडाची, हे कळणार नाही.

शहरांत अडचण वेगळी आहे. मुंबईत महंमद अली रस्त्यावर २००२ साली जे. जे. उड्डाणपूल उभा राहिला. नकाशावर वरून पाहिले, तर खालचा रस्ता आणि वरचा पूल एकाच जागी आहेत. मोजणीच्या जागेचे अक्षांश-रेखांश कितीही काटेकोर असोत, आकडा वरचा की खालचा, हे ते सांगू शकत नाहीत. पण २०१० साली त्या पुलावर दुचाकींना बंदी झाली. म्हणजे ज्या मोजणीत दुचाकी भरपूर आहेत, ती खालच्या रस्त्याची असली पाहिजे, हे माहीतगार माणूस एका क्षणात सांगेल. आकडा आपली जागा कधी कधी स्वतःच सांगतो; तो ऐकणारा मात्र रस्ता पाहिलेला हवा. उपग्रहांच्या साह्याने गाड्यांच्या जागा कळू लागल्यावर एक एक ठिपका जवळच्या रस्त्याला न चिकटवता मागचापुढचा सगळा प्रवास पाहून बहुधा कोणता रस्ता धरला असेल हे ठरविण्याची रीत न्यूसन आणि क्रम या दोघांनी २००९ साली मांडली. तिचे मर्म हेच आहे: एकट्या खुणेवर विश्वास नको, संदर्भ पाहा.

जुळणी झाली असे केव्हा म्हणावे? १९७० नंतरच्या दशकात लंडनमध्ये जेफ्री हॅवर्स यांनी एक कसोटी काढली. तासाभराच्या दोन आकड्यांतील फरकाचा वर्ग दुप्पट करावयाचा, त्यास दोहोंच्या बेरजेने भागावयाचे आणि वर्गमूळ काढावयाचे. प्रतिकृती १२०० गाड्या सांगते आणि मोजणी १०००, तर उत्तर सुमारे ६ येते. प्रतिकृती १२० सांगते आणि मोजणी १००, तर उत्तर २ हूनही कमी. दोन्हीकडे चूक शेकडा २० च. पण लहान रस्त्यावरील चूक क्षम्य, मोठ्या रस्त्यावरील नव्हे. शंभरांतील ८५ दुव्यांवर उत्तर ५ च्या आत आले, तर प्रतिकृती पास, असा प्रघात पडला.

प्रघात सोयीचा आहे. पण सोयीतच धोका आहे. १९८० साली व्हॅन झाउलेन आणि विलुमसेन यांनी दाखवले की, घरोघर न जाता रस्त्यावरील मोजणीवरूनही लोकांची ये-जा अदमासता येते. यात मोह असा की, आकडे जुळेपर्यंत ये-जा वाकवीत राहावे. एक साधे उदाहरण घ्या. एका चौकात दोन रस्त्यांनी शंभर-शंभर गाड्या आल्या आणि दुसऱ्या दोन रस्त्यांनी शंभर-शंभर गेल्या. सगळ्या सरळ गेल्या असतील, सगळ्या वळल्या असतील, किंवा निम्म्या-निम्म्या. चारही आकडे तेच राहतील. आकडे जुळले म्हणून प्रवास जुळले असे होत नाही. शिवाय ज्या मोजणीने प्रतिकृती घडवली, तीच मोजणी पुढे करून ती खरी ठरवणे म्हणजे साक्षीदारालाच न्यायासनावर बसवणे होय. काही मोजण्या बाजूला ठेवाव्यात, घडवताना त्यांना हात लावू नये, आणि शेवटी त्यांच्यापुढे प्रतिकृतीला उभे करावे. जुन्या नदीवरच्या ताळ्याचा अर्थ तोच होता.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. १९६३ साली विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीने मुंबईच्या रहदारीचा अहवाल दिला आणि शिकागोच्या काळातील शास्त्र आपल्या दारी आले. ते मोटारीभोवती वाढलेले शास्त्र होते. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक फेऱ्या निव्वळ पायी होतात असे दिसले. या फेऱ्या कोणत्या दुव्यावर लिहावयाच्या? ज्या बोळातून, ज्या रेल्वेकाठच्या पायवाटेने लोक जातात, त्या जाळ्यात बहुधा नसतात. जे नकाशात नाही, त्यावर आकडा बसत नाही. आणि ज्यावर आकडा नाही, त्यासाठी पैसा मंजूर होत नाही. शिकागोतही आकड्यांच्या आधाराने आखलेला क्रॉसटाऊन महामार्ग लोकांच्या विरोधामुळे १९७९ साली सोडून द्यावा लागला. त्या रेघेकाठची घरे कोणत्याही दुव्यावर नोंदलेली नव्हती.

यावरून मोजणी व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. आकड्यावाचून निर्णय झाले, तर ते दांडग्याच्या बाजूने होतात. गरिबाला आकड्याचा आधार अधिक लागतो. आमचे म्हणणे इतकेच की, रस्त्याचा आराखडा लोकांपुढे येईल, तेव्हा आकडा किती एवढेच विचारून थांबू नये. तो कोणत्या जागी मोजला, नकाशावर कोणत्या रेघेवर लिहिला, ताळा कशाने पाहिला, आणि कोण मोजायचे राहिले, हेही विचारावे. हे प्रश्न विचारावयास गणित यावे लागत नाही. आपला रस्ता आपल्या पायांनी चाललेला असला, की पुरे.